कोणत्या तारखेपासून

नोटिशीतला पहिला स्वल्पविराम त्याने पेन्सिलीने दुरुस्त केला, तेव्हा ती नोटीस आपल्यावरच आलेली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. वकिलांच्या त्या कचेरीत रोज सकाळी टायपिस्टबाई त्याच्या टेबलावर तपासायच्या कागदांचा गठ्ठा ठेवत, आणि तो वरून एकेक कागद उचलून, ओठ हलवत, वाचत जाई. छत्तीस वर्षं त्याने दुसरं काही केलेलं नव्हतं. करार लिहायचे, करार मोडायच्या नोटिसा लिहायच्या आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या तपासायच्या. कायद्यात कलमाच्या शेपटीला 'परंतु असे की' म्हणून जी पुस्ती जोडतात तिला परंतुक म्हणतात, आणि त्याच्या हातचा एकही कागद त्या पुस्तीशिवाय बाहेर पडत नसे, म्हणून कचेरीत त्याचं नाव पडलं होतं परंतुकाका. चहा घेणार का असं कुणी विचारलं, तरी तो म्हणे, "घेतो, परंतु अर्धा." हसत सगळे; तोही हसे, जरा उशिरा. तर त्या मंगळवारी त्याने स्वल्पविराम दुरुस्त केला, दुसऱ्या परिच्छेदातलं 'सदरहू' एकदा कापलं, कारण ते दोनदा आलं होतं, आणि तिसऱ्या परिच्छेदाशी थबकला. 'प्रतिवादीचे पालकत्व सोबत जोडलेल्या वैद्यकीय दाखल्याच्या तारखेपासूनच संपुष्टात आले होते, असे जाहीर व्हावे.' वाक्य चांगलं होतं. 'आले होते' की 'आलेले आहे', यावर त्याने क्षणभर विचार केला आणि 'होते' राहू दिलं. मग त्याची नजर पत्त्यावर गेली. पत्ता त्याच्या घराचा होता.

"अहो काका, ती तपासायची नाही," टायपिस्टबाई आपल्या यंत्रामागून म्हणाल्या. "ती तुमचीच आहे. घरी कुलूप होतं म्हणून बेलीफ इथे आला, तुम्ही खाली गेला होतात तेव्हा देऊन गेला."

"मग तपासायच्या गठ्ठ्यात कशाला ठेवलीत?"

"सवयीनं. तुमच्या टेबलावर आजवर दुसरं काही ठेवलंय का कुणी?" आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून, आवाज खाली आणत, "घरचं आहे का काही?"

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे हो."

अर्जदार म्हणून त्याची धाकटी बहीण होती. सकाळी तिनेच त्याच्या कोटाचं बटण शिवून दिलं होतं. कोट अंगावरच होता. ती समोर उभी राहून टाके घालत होती आणि शेवटी दोरा दाताने तोडताना तिचं डोकं त्याच्या छातीशी आलं होतं. तेव्हाही तिला माहीत होतं. आज नाही तर उद्या नोटीस येईल हे माहीत असूनच तिने बटण लावलं होतं, आणि चांगलं घट्ट लावलं होतं. त्याने ते बोटांनी चाचपून पाहिलं. खिडकीखाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर वर ढकललं, तो आवाज त्याच्या दातांतून गेला. तो कागद पुन्हा वाचू लागला, या वेळी पेन्सिल बाजूला ठेवून. आपल्याला पेन्सिलीशिवाय वाचता येत नाही हे त्याच्या लक्षात आलं. ओळी नुसत्याच समोरून जात होत्या, माणसांनी भरलेल्या रस्त्यासारख्या, आणि तो काठावर उभा होता. छत्तीस वर्षांपूर्वीचा हुकूम त्याला तोंडपाठ होता. ती एकोणीस वर्षांची होती, तो सव्वीसचा. वडील वर्षापूर्वीच गेलेले, आई त्याच्याही आधी. तिला ताप आला, डोक्यात गेला, आणि सात आठवड्यांनी ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा चमच्याला काय म्हणतात तेही तिला आठवत नव्हतं. न्यायालयाने त्याला तिचा पालक नेमलं. तिच्या वतीने सही करायची, होकार द्यायचा, नकार द्यायचा. मुदत: पुढील आदेश होईपर्यंत. नव्यानेच नोकरीला लागलेला तो त्या वेळी मोठ्या वकीलसाहेबांना म्हणालाही होता की यात शेवट लिहिलेला नाही. साहेब म्हणाले होते, "अरे, बरी झाली की अर्ज करायचा, संपलं. अर्ज तूच करणार ना?" पुढे आयुष्यभर त्याने आलेल्या प्रत्येक पक्षकाराला बजावलं की करार करण्याआधी तो कसा संपेल ते लिहा, मग बाकीचं. नवशिक्या वकिलांना तो समजावून सांगे: रद्द म्हणजे कधी झालंच नाही, समाप्त म्हणजे झालं होतं पण आता नाही, आणि कोणत्या तारखेपासून, हे न लिहिणारा माणूस आपल्या पक्षकाराचा गळा कापतो. ते वहीत उतरवून घेत. आणि घरी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, त्याचा स्वतःचा शेवट नसलेला कागद पडून होता.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी होती. ग्रंथालयात ती जुन्या पुस्तकांची बांधणी करी. तिच्या हातांना दिवसभर खळीचा वास असे आणि घरी आल्याआल्या ती ते साबणाने घासघासून धुई. त्याने पिशवी खुर्चीवर ठेवली. नळ बंद झाला.

"आली का?" तिने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"आली."

"बरं झालं. वकीलबाई म्हणाल्या होत्या गुरुवारपर्यंत येईल. दोन दिवसांची टोचणी वाचली."

"मला सांगितलं असतंस तर मीच अर्ज लिहून दिला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं." ती वळली, हात पुसत. हसत होती, पण डोळे त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. "तू लिहिला असतास तर त्यात सतरा परंतु आले असते, दादा. मी मेल्यावर निकाल लागला असता."

"काय कमी पडलं तुला?"

"कमी नाही रे पडलं काही." ती खुर्चीवर बसली. "मागच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवतंय ना? तिथल्या खिडकीवरची मुलगी कागदांतला हुकूम बघून म्हणाली, आजी, तुमची सही नाही चालणार, पालकांना घेऊन या. पंचावन्न वर्षांची बाई मी. मागे रांगेत उभा असलेला एकजण हसला. मग तू आलास आणि सही केलीस. झोकात केलीस, खाली दोन टिंबं देऊन. डोळा माझा आणि सही तुझी."

त्याला ती सही आठवली. दोन टिंबं तो नेहमीच देई. त्या दिवशी मात्र सही करताना त्याला बरं वाटलं होतं, आपण कुणाला तरी लागतो असं, आणि आता त्या बरं वाटण्याची त्याला लाज वाटली. "चुकलंच ते," तो म्हणाला. "मग संपवू. मी संमती देतो. पण आजपासून म्हण ना. अठ्ठावीस वर्षं मागे कशाला जायचं?"

"कारण दाखला अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा आहे." तिचा आवाज चढला नाही. "दवाखान्याचे कागद शोधताना सापडला. डॉक्टरांनी लिहिलंय, पूर्ण बरी आहे, स्वतःचे निर्णय घेऊ शकते. पाकिटावर तुझं नाव. फोडलेलं पाकीट. आठ दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही, कळलं तरी का तुला? तुला वाटलं माझं पोट बिघडलंय. ओवा आणून दिलास."

ओवा त्याने आणला होता खरा.

"मग राग गेला. म्हटलं, भ्याला असेल. एकटं पडायला भितोसच तू, लहानपणापासून. पण दादा, हे बघ. आजपासून संपलं, तर इतकी वर्षं तू मला इथे ठेवलंस. तेव्हापासून संपलं, तर मी राहिले. ठेवलं आणि राहिले यात फरक आहे की नाही? तूच सांग, तुझा धंदा आहे."

फरक होता. इतका नेमका फरक त्याने स्वतः कधी काढला नसता. त्याला वाटलं होतं ती त्याला दोषी ठरवायला निघाली आहे, आणि ती तर त्याच्याबरोबर काढलेली वर्षं स्वतःच्या नावावर करून मागत होती. आता उठून तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, आणि तो उठलाही असता, पण ती पुढे म्हणाली, अगदी सहज, वाटाणे निवडताना बोलावं तसं: "त्याच्या आधीचं मी काही म्हणत नाही. त्याच्या आधी मी आजारीच होते. तो चष्म्याच्या दुकानातला मागणी घालायला आला होता, तेव्हा तू नाही म्हणालास, ते बरोबरच केलंस. मला कुठे काय कळत होतं तेव्हा." आणि ती भात टाकायला उठली.

तो बसून राहिला. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. वाटाणे. तिच्या बोलण्यात वाटाणे नव्हतेच, ते त्याच्याच मनातून आले होते, आणि एकदा आल्यावर जाईनात. हुकूम होऊन चार वर्षं झाली होती तेव्हाची एक सुटीची दुपार. त्या काळात तो घरी मसुदे मोठ्याने वाचत असे. तिला शब्द परत यावेत म्हणून, असं तो म्हणे. ती समोर बसून वाटाणे सोलत होती, मान खाली, गप्प. तो भाडेकरार वाचत होता. संपलं, आणि ती मान वर न करता म्हणाली, "दादा, तिसऱ्या कलमात जो भाडेकरू आहे, तोच सातव्यात घरमालक झालाय." त्याने पाहिलं. झाला होता. कचेरीतल्या तिघांनी वाचून सोडलेली चूक. त्या क्षणी त्याला काय वाटलं हे त्याने आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं, स्वतःलाही धड नाही. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्या आधी, एखाद्या पावलाच्या अंतरावर, भीती आली होती. ही बरी झाली आहे. नुसती बरी नाही, आपल्यापेक्षा तल्लख आहे. आता ही जाईल. त्याने चूक दुरुस्त केली, दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाठ थोपटली, आणि तो गप्प राहिला. मग रोज संध्याकाळी तो वाचे आणि ती ऐके. परंतुकाकाच्या मसुद्यात चूक सापडत नाही ही जी ख्याती झाली, ती त्या वर्षांतली. आणि तेव्हाच, पुढच्या हिवाळ्यात, चष्म्याच्या दुकानातला तो आला. सरळ नाकाचा, कडक इस्त्रीच्या शर्टाचा माणूस. तिचा चष्मा त्यानेच बनवला होता. म्हणाला, तक्त्यावरची शेवटची ओळ सगळे अडखळत वाचतात, तुमच्या बहिणीने ती उलटीकडून वाचून दाखवली आणि हसल्या. तेव्हापासून माझ्या मनात आहे. त्यांना विचाराल का? धाकटी आत होती, दाराच्या आड, तिच्या बांगड्या वाजल्याचं त्याने ऐकलं. आणि त्याने कपाटातून हुकूम काढून त्या माणसापुढे धरला. म्हणाला, तिला विचारून उपयोग नाही. ती कायद्याने स्वतःचं बरंवाईट ठरवू शकत नाही. त्या माणसाने कागद पूर्ण वाचला, घडी नीट पूर्ववत केली आणि परत दिला. पुढे केव्हातरी, बऱ्याच वर्षांनी, ती त्याला म्हणाली होती, "मला कधीकधी आठवतं दादा, मी तुझ्या भाडेकरारातली चूक काढली होती. तो माणूस यायच्या आधी. की नंतरचं आहे ते?" तिने विचारलं तेव्हा तिच्या भुवया जवळ आल्या होत्या, चमच्याचं नाव आठवताना यायच्या तशा. आणि तो म्हणाला होता, "नंतरचं. तेव्हा तू बरी नव्हतीस." तिने मान डोलावली होती. आपल्या डोक्यावर तिचा कधीच पुरता विश्वास बसला नव्हता, आणि जो बसू पाहत होता तो त्याने त्या दोन वाक्यांत काढून घेतला. दाखला येऊनही अर्ज न करणं ही भित्र्या माणसाची चूक म्हणता येईल. हे तसं नव्हतं. याला त्याच्याकडे शब्द नव्हता.

सुनावणी शुक्रवारी होती. मधल्या दोन दिवसांत त्याने आपलं संमतीचं निवेदन लिहिलं. लिहायचं होतं एवढंच: अर्जातील तारीख मला मान्य आहे. पाच शब्द. कुणीही त्याला मोठ्या मनाचा म्हटलं असतं. तिने स्वतःहून त्याच्यासाठी जागा केली होती, अठ्ठावीस वर्षांची चूक पोटात घालून वर माफही केलं होतं. तिथे निमूट सही करायची आणि दोघांनी मिळून घरी यायचं. साक्षीदारांना तो नेहमी सांगे, विचारलेलं नाही त्याचं उत्तर देऊ नका. इथे तर विचारणारं कुणीच नव्हतं. चष्म्याचं दुकान कधीच उठलं होतं, तो माणूस कुठे असेल, असेल की नसेल. मग कशासाठी? आपलं मन हलकं व्हावं म्हणून तिच्या डोक्यावर धोंडा टाकायचा? हा प्रश्न त्याने स्वतःला इतक्या वेळा विचारला की तो खरा आहे की पळवाट, हेही त्याला कळेनासं झालं. निवेदनाचे चार खर्डे झाले. चौथ्यात 'तत्पूर्वीच्या कालावधीबाबत माझे काही म्हणणे नाही' असं वाक्य आलं, आणि ते त्याला इतकं सफाईदार वाटलं की त्याने ते जोरात खोडलं, कागद फाटला. टायपिस्टबाई म्हणाल्या, "काका, बहीण आहे ती, बँक नाही. द्या की सही करून." शेवटी त्याने पाच शब्दांचा कागद टाइप करून घेतला आणि खिशात ठेवला. सही केली नाही. समोरच करीन म्हणाला.

न्यायालयाची खोली लहान होती, वर दोन पंखे, त्यांतला एक फिरताना टकटक आवाज करत होता. न्यायाधीश बाई चाळिशीच्या, सर्दी झालेल्या. दर थोड्या वेळाने रुमाल नाकाला लावत. धाकटी आपल्या वकीलबाईंच्या शेजारी बसली होती, ठेवणीतली साडी नेसून. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला अजून उजेड सोसत नव्हता, म्हणून ती तो किलकिला करून बघत होती. त्याच्याकडे बघून ती हलकेच म्हणाली, "घाबरू नकोस, पाच मिनिटांचं काम आहे." तिचं हे बोलणं त्याला सहन झालं नाही.

"तुम्ही प्रतिवादी? स्वतःच हजर आहात?" न्यायाधीश बाईंनी विचारलं. "अर्ज वाचलात? तारीख मान्य आहे?"

तो उभा राहिला. खिशातल्या कागदाचा कोपरा त्याच्या बोटाला लागत होता. टकटक. टकटक.

"तारीख चुकली आहे," तो म्हणाला.

वकीलबाई ताडकन उठल्या. "मॅडम, दाखला जोडलेला आहे, मूळ प्रत आहे! यांनी बहिणीला घरी शब्द दिलाय आणि आता इथे..." धाकटी उठली नाही. तिने फक्त मान वळवली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. म्हणजे शेवटी हा असाच, असा थकवा.

"हरकत घेताय का तुम्ही?" न्यायाधीश बाईंनी रुमाल खाली ठेवला.

"नाही. म्हणजे, दाखला बरोबर आहे. पण ती त्याच्या चार वर्षं आधीच बरी झाली होती. मला माहीत होतं. डॉक्टरांच्याही आधी मला माहीत होतं." त्याला आपला आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता. "तिने माझ्या मसुद्यातली चूक काढली होती. कचेरीत कुणालाच दिसली नव्हती ती. तिला वाटतं हे नंतरचं आहे. मीच तसं सांगितलं तिला. नंतरचं नाही. मागणी आली होती, त्याच्या आधीचं आहे. तेव्हा तिला सगळं कळत होतं."

न्यायाधीश बाईंनी त्याच्याकडे, मग धाकटीकडे पाहिलं. "हे लिहून द्याल?"

"देतो."

त्याने पाच शब्दांच्या कागदाच्या पाठीवर, उभ्यानेच, टेबलाच्या कडेला लिहिलं. आयुष्यात प्रथमच त्याने काहीतरी लिहून पुन्हा न वाचता दिलं. हस्ताक्षर वाकडं आलं, एक वेलांटी राहिली. न्यायाधीश बाईंनी धाकटीला विचारलं, की तारीख यांच्या म्हणण्याप्रमाणे बदलून हवी आहे का. धाकटीने पदराने डोळा टिपला. किलकिल्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते उजेडाचं की कशाचं ते सांगता आलं नसतं. मग ती म्हणाली, "हो. खरी ती घाला." आणि अर्जावरची जुनी तारीख खोडून तिथे तिने स्वतः नवी लिहिली, आणि शेजारी सही केली. सही करायला तिला वेळ लागला. सवय नव्हती.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात माणसं बाकांवर बसली होती, काही उभी. वकीलबाई शिक्के घ्यायला गेल्या. तो भिंतीशी उभा राहिला. धाकटी त्याच्यासमोर येऊन थांबली, मंगळवारी बटण लावताना थांबली होती त्यापेक्षा जरा लांब.

"त्याला काय सांगितलं होतंस?"

"कुणाला?" असं म्हणता म्हणता त्याने ते गिळलं. "हुकूम दाखवला. म्हटलं, तिला विचारून उपयोग नाही."

"त्यानं काय विचारलं होतं?"

"तुला विचाराल का, म्हणाला."

तिने डोळे मिटले. भुवया जवळ आल्या नाहीत. कपाळ सपाट, कोरडं. "मला वाटायचं," ती म्हणाली, "की माझ्या डोक्यात अजून काहीतरी सैल राहिलंय. इतकी वर्षं. काही आठवलं की वाटायचं, हे माझ्या मनाचे खेळ. ग्रंथालयात पान चिकटवताना दहादा मोजायचे. लोक म्हणायचे किती काळजीपूर्वक काम करते." ती थांबली. "शंका यायची रे, दादा. माझीच मला."

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"तुला ठाऊकच होतं." तिने पदर सावरला, पिशवी खांद्यावर घेतली. आवाज शांत होता आणि त्याच्या ओळखीचा नव्हता. "तू घरी जा. मी जरा चालते."

"ऊन आहे. तुझा डोळा..."

तिने नुसतं पाहिलं. ती व्हरांड्यातून चालू लागली, बाकांवरच्या माणसांच्या पसरलेल्या पायांमधून वाट काढत, घाई न करता. दाराशी उजेडाचा मोठा चौकोन होता, तिथे ती क्षणभर डोळ्यावर हात धरून उभी राहिली. किती वाजता येशील, हे शब्द त्याच्या जिभेवर आले. छत्तीस वर्षं त्याने ते रोज विचारले होते, ती बाजारात निघाली तरी, आणि तिने रोज उत्तर दिलं होतं. त्याने तोंड उघडलं. आता ते विचारायचं तर नुसत्या भावासारखं विचारावं लागणार होतं, उत्तर मिळेलच असं न धरता, आणि तसं कसं विचारतात ते त्याला येत नव्हतं. तो शब्द जुळवत राहिला. उजेडाचा चौकोन रिकामा झाला.